फ्लॅश मारण्याआधी: डाउनलोड तपासणं, चिप वाचणं आणि अडलं तर काय

(या भागाचं लेखी रूप. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.)

सध्या एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "ताई, जुना थिंकपॅड घेतलाय, बायोस बदलायचंय. फाइल उतरवली, प्रोग्रामर मागवला, क्लिपपण आली. आता?"

आता थोडं थांबायचं. फाइल उतरवणं आणि चिपवर चढवणं यांच्यामध्ये जे काम आहे, त्यावरच हा भाग आहे. डाउनलोड चुकलं तर पुन्हा करता येतं. पण तुमच्या चिपमध्ये आत्ता जे आहे ते जगात कुठल्याच सर्व्हरवर नाही. त्यामुळे तपासणी दोन्ही बाजूंनी लागते: येणाऱ्या फाइलची, आणि बाहेर काढून ठेवलेल्या बॅकअपची. पहिली निम्मे लोक करतात. दुसरी नीट करणारे फार थोडे भेटलेत मला.

सुरुवात तुमच्या फोनपासून करू. व्हॉट्सॲपवर कुणीतरी एखाद्या ॲपची "मॉड" एपीके पाठवतं. तुम्ही ती आधीच्या ॲपवर टाकायला जाता आणि अँड्रॉइड नाही म्हणतं, पॅकेज जुळत नाही म्हणून. मग मित्र सांगतो, "जुनं काढून टाक ना, मग होईल." आणि होतं! पण फोन अडवत का होता? प्रत्येक एपीकेवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. अपडेट म्हणून येणाऱ्या फाइलवर तीच सही नसेल तर अँड्रॉइड ती घेत नाही. जुनं ॲप काढून टाकल्यावर तुलना करायला काही उरतच नाही, म्हणून नवं गुपचूप बसतं. म्हणजे वॉचमनने अडवलं म्हणून आपण वॉचमनलाच सुट्टी दिली. लॅपटॉपच्या बायोस चिपच्या बाबतीत हा वॉचमन तुम्ही स्वतः असता. क्लिप लावून बाहेरून लिहिताना चिप काहीही विचारत नाही. जे द्याल ते लिहून घेते.

तर पहिलं काम हॅश. एसएचए-२५६ हे नाव ऐकलं असेल. कुठलीही फाइल द्या, दोन केबीची किंवा दोन जीबीची, त्यातून ६४ अक्षरांची एक ओळ निघते. फाइलमधला एक बिट बदलला की ओळ पूर्ण वेगळी. लिनक्सवर 'एसएचए२५६सम' आणि पुढे फाइलचं नाव. विंडोजवर पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश', तिथे एसएचए-२५६ हेच डीफॉल्ट आहे. विंडोज ओळ कॅपिटलमध्ये दाखवतं आणि साइटवर बहुतेक स्मॉलमध्ये असते, त्याने घाबरू नका, दोन्ही एकच. आणि कृपा करून डोळ्यांनी पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून "जुळलं" म्हणू नका. लिनक्सवर त्याच कमांडला 'मायनस सी' देऊन साइटवरची हॅशची फाइल दिली की कॉम्प्युटर स्वतः जुळवून 'ओके' सांगतो. काही जुन्या साइटवर अजून एमडी५ दिलेला असतो. २००४ मध्येच संशोधकांनी एकच एमडी५ येणाऱ्या दोन वेगवेगळ्या फाइल बनवून दाखवल्या, आणि २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने आणि गूगलने एसएचए-१ चंही तेच केलं. डाउनलोड अर्धवट झालंय का एवढं बघायला एमडी५ ठीक, कुणी मुद्दाम बदललंय का हे बघायला नाही.

इथवर सगळ्यांना पटतं. आता खरी अडचण. हॅश तुम्हाला एवढंच सांगतो की साइटवर लिहिलेल्या ओळीशी तुमची फाइल जुळते. ती ओळ कुणी लिहिली?

फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या वेबसाइटमध्ये कुणीतरी घुसलं. मिंट १७.३ च्या सिनॅमन आवृत्तीची लिंक बदलून ती बॅकडोअर घातलेल्या आयएसओकडे वळवली. २० फेब्रुवारीला ज्यांनी ती उतरवली, त्यांच्या हातात बिघडवलेली सिस्टिम आली. ज्याने हे केलं त्याने नंतर एका पत्रकाराला सांगितलं की साइटवरचा चेकसमही त्याने बदलला होता. म्हणजे साइटवर बघून मनापासून हॅश जुळवणाऱ्याचंही "ओके" आलं असतं! फाइल आणि तिचा हॅश एकाच घरात ठेवले असतील आणि चोर त्याच घरात शिरला असेल, तर जुळवून काय मिळणार?

म्हणून दुसरं काम, सही. जीपीजी नावाचा प्रोग्राम. बनवणाऱ्याकडे एक गुप्त किल्ली असते, ती वेबसाइटच्या सर्व्हरवर नसते, निदान नसायला हवी. तिने तो फाइलवर किंवा हॅशच्या यादीवर सही करतो. तुम्ही त्याची सार्वजनिक किल्ली घेऊन 'जीपीजी मायनस मायनस व्हेरिफाय' चालवता. सर्व्हर फोडणाऱ्याला फाइल बदलता येते, हॅश बदलता येतो, पण ती सही करता येत नाही.

कमांड चालवल्यावर दोन गोष्टी दिसतात. एक, 'गुड सिग्नेचर'. दोन, त्याच्याखाली मोठ्या अक्षरात वॉर्निंग की या किल्लीवर विश्वासार्ह सही नाही, ही त्या मालकाचीच आहे याचा पुरावा नाही. इथे निम्मे लोक घाबरून सोडून देतात आणि उरलेले निम्मे न वाचता पुढे जातात. दोन्ही चूक. वॉर्निंगचा अर्थ असा की गणित जुळलं, पण ही किल्ली खरंच त्या माणसाची आहे हे मी कसं सांगू, ते तू बघ. मग बघायचं. किल्लीला ४० अक्षरांचा फिंगरप्रिंट असतो. तो पूर्ण वाचा, आणि जिथून फाइल घेतली त्या साइटखेरीज दुसऱ्या ठिकाणी पडताळा: प्रोजेक्टच्या सोर्स कोडच्या रेपॉझिटरीत, त्याच प्रोजेक्टच्या दोन वर्षांपूर्वीच्या जुन्या रिलीजमध्ये, किंवा आधी कधी ही किल्ली उतरवलेल्या मित्राच्या मशीनवर. किल्लीही त्याच पानावरून, त्याच मिनिटाला उतरवली असेल तर मिंटवाला प्रश्न परत दारात उभा. एकदा मात्र किल्ली नीट तपासून ठेवली की पुढच्या प्रत्येक रिलीजला काम दहा सेकंदांचं.

सही म्हणजे ब्रह्मवाक्य का? नाही. मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण आठवतं का? लिनक्सवर सगळीकडे असणारी फाइल दाबायची लायब्ररी. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या रिलीजमध्ये बॅकडोअर होतं, आणि ते घालणारा, 'जिया टॅन' या नावाने वावरणारा, प्रोजेक्टचा अधिकृत मेंटेनरच झाला होता. सही अस्सल होती, करणारा नव्हता. आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनिअरला एसएसएच लॉगइनला अर्धा सेकंद जास्त का लागतो हे खटकलं, म्हणून ते सापडलं. हे सांगण्याचं कारण असं की कुठली तपासणी कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते ते डोक्यात स्वच्छ असू द्या. फाइल पोचताना बिघडली का, याचं उत्तर हॅश देतो. कुणी पाठवली, याचं उत्तर सही देते. पाठवणारा माणूस बरा आहे का, हे दोन्हींपैकी कुणी सांगत नाही. तरी सही तपासल्याने मिंटसारखी प्रकरणं थांबतात, आणि ती एक्सझेडपेक्षा कितीतरी सोपी आहेत करायला.

बरं, फाइल चोख निघाली. आता चिप.

उदाहरण थिंकपॅड एक्स२३० चं घेते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे तोच आहे. २०१२ चं मॉडेल, जुन्या बाजारात अजून मिळतो. लोक त्यावर कोअरबूट किंवा लिबरबूट चढवतात. कोअरबूट १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत 'लिनक्सबायोस' नावाने सुरू झालं. लिबरबूट त्याच्याच आधारावर तयार रॉम देतं. चढवण्याचं कारण प्रत्येकाचं वेगळं. अनेकांचं साधं असतं: मूळ बायोसमध्ये वायफाय कार्डांची ठरलेली यादी आहे, त्याबाहेरचं कार्ड घातलं की १८०२ नंबरचा एरर येऊन मशीन पुढेच जात नाही.

एक्स२३० मध्ये कीबोर्ड आणि पामरेस्ट काढला की काळ्या पातळ फिल्मखाली आठ पायांच्या दोन चिपा दिसतात. स्क्रीनच्या बाजूची ४ एमबीची, तुमच्या बाजूची ८ एमबीची. दोन्ही मिळून १२ एमबीचा एकच नकाशा. पहिले ८ एमबी मोठ्या चिपमध्ये, त्यात डिस्क्रिप्टर, इंटेलचं एमई, आणि नेटवर्क पोर्टचा छोटा विभाग. शेवटचे ४ एमबी छोट्या चिपमध्ये, तिथे बायोस. त्या नेटवर्क विभागात तुमच्या मशीनचा मॅक ॲड्रेस असतो. बायोसच्या बाजूला सिरियल नंबरसारख्या गोष्टी. मघाशी म्हणाले ना, कुठल्याच सर्व्हरवर नाही, ते हेच.

मागे माझ्या कॉलेजचा एक ज्युनिअर रविवारी असाच एक्स२३० घेऊन माझ्याकडे आला. एकच लॅपटॉप, पुढच्या आठवड्यात त्यावरच ऑनलाइन इंटरव्ह्यू. सहीबिही त्याने नीट तपासली होती. चिप वाचायला घेतली तर तीन वेळा वाचली, तीन वेगळे हॅश. "ताई, चिप गेली का? सरळ लिहून टाकू का? नवीन तर लिहायचंच आहे."

"अरे, वाचता येत नाही तिथे तू लिहिणार कसा?" मी म्हणाले.

हे वाक्य चिडून म्हटलं होतं, पण तांत्रिकदृष्ट्याही ते तसंच आहे. वाचणं आणि लिहिणं त्याच सहा-आठ तारांवरून होतं. वाचताना बिट सांडत असतील तर लिहितानाही सांडणार, फरक एवढाच की वाचताना नुकसान काही होत नाही.

चिप खराब असणं ही सगळ्यात शेवटची शंका असू द्या. आम्ही आधी दोन फाइल 'सीएमपी' कमांडने एकमेकींशी ताडल्या. फरक शेकडो ठिकाणी, विखुरलेले, इथे एक बाइट तिथे एक. याचा अर्थ संपर्क आहे पण गोंगाटही आहे. पूर्ण फाइल 'एफएफ'ने भरलेली आली असती तर क्लिप बसलीच नाही किंवा उलटी बसली असं समजलो असतो. पूर्ण शून्य आली असती तर वीज पोचत नाही किंवा कुठेतरी शॉर्ट. मग तारा बघितल्या. जंपरच्या दोन तारा जोडून त्याने जवळपास फूटभर लांबी केली होती, टेबलावर आरामात ठेवता यावं म्हणून! आखूड, बोटभर लांबीच्या लावल्या. चिपच्या पायांवर चिकट थर होता, तो आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, टूथब्रश घेऊन साफ केला. क्लिप पुन्हा दाबून बसवली, लाल तार चिपवरच्या ठिपक्याकडे, म्हणजे एक नंबरच्या पायाकडे. चार्जर काढलेला, बॅटरी काढलेली. पुढची चार वाचनं, चारही हॅश एकच.

तरी थांबा. हॅश जुळले म्हणजे बॅकअप चांगला असं नाही. क्लिप बसलीच नसेल तर प्रत्येक वेळी पूर्ण 'एफएफ' वाचलं जाईल आणि हॅश दरवेळी अगदी तोच येईल! म्हणून आत डोकावायचं. हेक्स एडिटरमध्ये ८ एमबीची फाइल उघडली की सुरुवातीचे सोळा बाइट सोडून पुढे ५ए, ए५, एफ०, ०एफ हे चार बाइट दिसायला हवेत, ती इंटेलच्या डिस्क्रिप्टरची खूण. कोअरबूटसोबत येणाऱ्या 'आयएफडीटूल'ला दिली तर विभागांची यादी निघायला हवी. छोट्या चिपच्या फाइलवर 'स्ट्रिंग्ज' चालवून वाचता येण्याजोगे शब्द येतात का बघा. मग ती फाइल दोन ठिकाणी ठेवा, आणि त्यातलं एक ठिकाण हाच लॅपटॉप नसावा. हसू नका, असे लोक आहेत.

प्रोग्रामरबद्दल माझं मत जरा कडक आहे. सीएच३४१ए नावाचा काळा, स्वस्त बोर्ड सगळीकडे मिळतो, पुण्यात तपकीर गल्लीत विचारलंत तरी कुणीतरी काढून देईल. त्याची गोम अशी की चिपला वीज ३.३ व्होल्टची देतो, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट सोडतो, कारण त्यावरची मुख्य चिप ५ व्होल्टवर चालते. आपली फ्लॅश चिप ३.३ ची. "माझं तर झालं बाबा" म्हणणारे शेकडो आहेत, आणि खरंच बहुतेक वेळा होतं. पण त्याच तारांवर मदरबोर्डवरचा चिपसेटही बसलेला असतो. मी रास्पबेरी पाय पिको वापरते, त्यात 'सरप्रोग' फर्मवेअर टाकलं की फ्लॅशरॉम त्याला ओळखतं आणि सगळ्या तारा ३.३ व्होल्टच्या. काळा बोर्डच असेल तर तो ३.३ व्होल्टवर चालेल असा बदल करून घ्या, सोल्डरिंगचा हात असलेल्या माणसाकडून. आणि नव्या लॅपटॉपमध्ये १.८ व्होल्टच्या चिपाही असतात. विनबॉन्डच्या नंबरात शेवटी जेव्ही असेल तर ३ व्होल्टची, जेडब्ल्यू असेल तर १.८ ची. भिंग घेऊन, किंवा फोनचा कॅमेरा झूम करून, नंबर वाचा आणि डेटाशीट बघा. अंदाज नको.

फ्लॅशरॉम "चिप सापडली नाही" म्हणालं तर? क्लिप आणि एक नंबरचा पाय आधी. मग वीज. बोर्डवरच चिप असताना तुम्ही दिलेले ३.३ व्होल्ट बाकीचा बोर्डही ओढतो, व्होल्टेज खाली बसतं. मल्टिमीटर चिपच्या आठव्या आणि चौथ्या पायावर लावून मोजा, जोडलेलं असताना. तीन आणि सात नंबरच्या पायांकडेही बघा. एक राइट-प्रोटेक्टचा, दुसरा होल्डचा. ते अधांतरी राहिले तर चिप कधी बोलते कधी रुसते. दोन्हींना ३.३ व्होल्ट मिळायला हवेत. फ्लॅशरॉमला एकाच ओळखीच्या दोन-तीन चिपा वाटल्या तर ते नाव विचारतं, तेव्हा भिंगाने वाचलेला नंबर 'मायनस सी'ने द्यायचा.

आता लिहिणं. लिबरबूटच्या एक्स२३० च्या रॉममध्ये इंटेलचं एमई नसतं, ते वाटण्याची परवानगी नाही म्हणून काढलेलं असतं. त्यांची इंजेक्ट स्क्रिप्ट ते तुमच्या मशीनवर उतरवून रॉममध्ये घालते. म्हणून सही तपासायची ती इंजेक्टच्या आधी, उतरवलेल्या मूळ फाइलवर. नंतर फाइल बदलते, हॅश बदलतो, आणि लोक घाबरून "फाइल करप्ट आहे" म्हणतात. त्याच वेळी मॅक ॲड्रेस तुमच्या बॅकअपमधला, किंवा लॅपटॉपखालच्या स्टिकरवरचा, रॉममध्ये घाला. नाहीतर तयार रॉममधला सर्वसामान्य ॲड्रेस राहू शकतो, आणि होस्टेलच्या एका नेटवर्कवर असे दोन लॅपटॉप लागले की दोघांचं इंटरनेट ये-जा करत राहतं, कारण शोधता शोधता रात्र जाते.

मग १२ एमबीची फाइल 'डीडी'ने तोडायची, पहिले ८ आणि शेवटचे ४. फाइल आणि चिपचा आकार तंतोतंत जुळला नाही तर फ्लॅशरॉम लिहायला नकार देतं. तो नकार तुमच्या फायद्याचा आहे, जबरदस्तीचा पर्याय शोधू नका. लिहून झालं की ते स्वतः परत वाचून ताडतं आणि 'व्हेरिफाइड' म्हणतं. नाही म्हणालं, चिप अनिश्चित अवस्थेत आहे असं आलं, तर सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे घाईने क्लिप ओढून लॅपटॉप चालू करणं. क्लिप तशीच ठेवा, परत एकदा लिहा. तरी नाही झालं तर आखूड तारा, साफसफाई, वीज, या क्रमाने. चिप मेलेली नसते, अर्धी लिहिलेली असते. बाहेरून लिहिण्याचा हा मोठा दिलासा: लॅपटॉप सुरू होत नसला तरी चिपवर परत लिहिता येतं.

त्या ज्युनिअरचं पहिल्याच फेरीत 'व्हेरिफाइड' आलं. चालू केला आणि स्क्रीन काळी. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पहिल्या बूटला रॅम नव्याने ओळखली जाते, वेळ जास्त लागतो, मिनिटभर हात मागे ठेवा म्हणाले. उठला. उठला नसता तर रॅमची एकच कांडी ठेवून बघितलं असतं, मग दोन्ही चिपांचे तुकडे अदलाबदल होऊन गेलेत का ते.

एक तपासणी मात्र तेव्हाच उरकू नका. पहिल्या दिवशी लॅपटॉप सलग पाऊण तास चालू ठेवा. एमईचा भाग नसला किंवा बिघडलेला असला तर इंटेलच्या या पिढ्यांतली मशीन एकतर सुरूच होत नाहीत किंवा बरोबर ३० मिनिटांनी बंद पडतात. लोक थर्मल पेस्ट बदलतात, बॅटरी बदलतात. घड्याळ लावून बघितलं आणि अर्ध्या तासाला बंद पडला, तर पंख्याकडे बघू नका, ८ एमबीच्या चिपकडे परत या आणि इंजेक्ट झालं होतं का ते बघा. आम्ही त्याचा लॅपटॉप चालू ठेवून खाली मिसळ खायला गेलो, पन्नास मिनिटांनी आलो, चालू होता. इंटरव्ह्यूही त्याने त्यावरच दिला.

आणि ज्यांच्याकडे सध्या फक्त फोन आहे त्यांनी विचारलेलं: हो, टर्मक्स घेतलंत तर 'एसएचए२५६सम' फोनवरही चालतं, आणि जीपीजी 'पीकेजी इन्स्टॉल' करून घेता येतं. फाइल फोनवर उतरवून तिथेच तपासली तरी चालेल. फक्त पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर नेल्यावर हॅश परत एकदा काढा. पेनड्राइव्हचंही काही खरं नसतं.

चला, अडलं तर एररचा फोटो पाठवू नका, पूर्ण ओळी कॉपी करून पाठवा, आणि चिपवरचा नंबर सोबत लिहा. भेटू पुढच्या भागात.